ओढून घेतलेलं दार

यंदा श्रावण लागून दोन आठवडे झाले, तरी नांदेडच्या आभाळात नुसते पांढरे, पोकळ ढग फिरताहेत. सकाळी येतात, दुपारपर्यंत रेंगाळतात आणि मग कुठं जातात कळत नाही. विष्णुपुरीला धरणाच्या पाण्याखालचे दगड उघडे पडलेत म्हणे. अर्धापूरकडून येणारे शिक्षक रोज केळीच्या बागांची बातमी आणतात, आणि ती रोज थोडी जास्त वाईट असते.

अशातच शाळेत नव्या पुस्तकांचे गठ्ठे आले. मराठीचं पुस्तक मी सवयीनं मधूनच उघडलं, आणि समोर ती कविता. मधली काही वर्षं ती अभ्यासक्रमात नव्हती. मी मनात म्हणाले, आलीस परत.

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या माणसाला ही कविता ठाऊक नसेल असं होत नाही. माझे वडील दाढी करताना ती गुणगुणायचे. गोष्ट एवढीशीच. संध्याकाळ झाली आहे, एक बाई अंगण झाडते, घरातलं पाणी भरून ठेवते, दिवा लावते, दार ओढून घेते आणि रस्त्याकडं बघते. रस्ता लांब होत जातो. संपली कविता. एकही अवघड शब्द नाही. आणि खाली स्वाध्यायात तोच जुना प्रश्न, कवितेतून मिळणारा संदेश तुमच्या शब्दांत लिहा.

तुमच्या शब्दांत! पंचवीस-तीस वर्षं मी फळ्यावर माझे शब्द लिहून दिले आणि मुलांनी ते त्यांचे म्हणून पेपरात उतरवले. प्रतीक्षा, श्रद्धा, गृहिणीचं समर्पण. फळ्यावर ‘प्रतीक्षा’ लिहिताना दर वेळी माझ्या पाठीमागून, शेवटच्या बाकावरून, कुणीतरी हळूच हसतंय असं वाटायचं. मी वळून बघायची. मुलं खाली माना घालून लिहीत असायची.

ते हसणं महादेवीचं होतं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा वडिलांची नांदेडहून तिकडं बदली झाली. ते कलेक्टर कचेरीत कारकून होते. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, कपाटं हवी होती, शिक्के हवे होते. आम्ही गेलो तेव्हा गावातल्या पाट्यांवर जिल्ह्याचं नाव बदलून झालं होतं, पण रंग घाईत मारलेला. ऊन तिरपं पडलं की ‘लातूर’च्या खालून जुनं ‘उस्मानाबाद’ डोकं वर काढायचं. मी शाळेत जाताना ते वाचत जायची. मला त्याची थोडी भीतीच वाटायची. पुसलेलं माणूस खालून बघतंय, असं काहीतरी.

आणि पाणी नव्हतं. मी गोदावरीच्या काठची मुलगी. पाणी दिसत नाही असं गाव असतं हेच मला माहीत नव्हतं. पहिलं वर्ष बरं गेलं, मग दुष्काळ पडला. नळ आठवड्यानं यायचा, कधी त्याहून उशिरा. आड आटलेले. हापशाला माणसं लटकायची आणि हापसा कोरडा खोकायचा. आषाढ तसाच गेला, श्रावण तसाच आला. दुपारी टँकर यायचा आणि सगळी गल्ली त्याच्यामागं धावायची. त्या श्रावणाचा वास मला अजून येतो. त्यात ओल्या मातीचा वास नव्हता. तापलेल्या प्लास्टिकच्या घागरींचा वास होता.

त्या घागरी विकणारं दुकान महादेवीच्या वडिलांचं. बाजारपेठेत, गंजगोलाईजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, पितळ, तांबं, नवं नवं स्टील, आणि त्या वर्षी दारात रंगीत प्लास्टिकची उतरंड. मल्लिकार्जुनआप्पा म्हणायचे त्यांना. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. समोरच्यानं ‘शरणार्थ’ म्हटलं की तेही ‘शरणार्थ’ म्हणून पुन्हा भांड्यावर नाव कोरायला लागायचे. छोटी हातोडी, टिक टिक टिक, आणि ठिपक्याठिपक्यांतून कुणाचं तरी नाव उमटत जायचं. घर दुकानाच्या मागंच होतं.

महादेवी माझ्या वर्गात, माझ्या बाकावर. अभ्यासात यथातथाच. गणितात नापास व्हायची आणि हसायची. पण कविता तिला एकदा ऐकून पाठ व्हायची, आणि पाठ झाली की ती तिचा पिच्छा सोडायची नाही. मधल्या सुटीत डबा खाता खाता म्हणायची, “सुनंदे, त्या कवितेतलं पाखरू मेलंय गं. बाई म्हणतात उडून गेलंय. उडून गेलं असतं तर पिंजऱ्याचं दार कशाला लावलं असतं?” मी म्हणायची, परीक्षेत उडून गेलं असंच लिही. ती म्हणायची, “लिहिते की. लिहायला काय जातंय?”

तिच्या आईला ती अव्वा म्हणायची. अव्वा देगलूरकडची, सीमेवरच्या कानडी मुलखातली. मराठी समजायचं, बोलायला धजायची नाही. मी घरी गेले की माझ्या हातावर काहीतरी ठेवायची, शेंगदाण्याचा लाडू, गुळाचा खडा, आणि हसायची. उंच, सावळी, चालताना अंगावरचं लुगडं सळसळायचं. घरात आजी होती, आत्या होती, सतत काही ना काही बोलणं चालू असायचं, पण अव्वाशी कुणी बोलतंय असं मी पाहिलं नाही. तिला कामं सांगितली जायची. ती करायची.

मग एक दिवस अव्वा दिसली नाही. आत्या म्हणाली, “माहेरी गेलीय. तिच्या आईला बरं न्हाई.” मला काही वाटलं नाही. बायका माहेरी जातातच.

त्यानंतर आठवडाभरात मराठीच्या बाईंनी ही कविता समजावून सांगितली. बाई चांगल्या होत्या, जीव ओतून शिकवायच्या. म्हणाल्या, ही बाई म्हणजे वाट पाहणारी भारतीय स्त्री. दिवा म्हणजे तिची श्रद्धा. भरलेलं पाणी म्हणजे येणाऱ्याचं स्वागत. दार ओढून घेते, कारण वारा सुटलाय आणि दिवा विझू नये. संदेश काय? धीर धरा, वाट पाहा, गेलेला परत येतो. सगळ्या मुलींनी लिहून घेतलं. मीही. महादेवी वहीत काहीच लिहीत नव्हती.

त्याच दुपारी टँकरच्या रांगेत ती माझ्या मागं उभी होती. ऊन असं की रांगेतल्या घागरी हाताला चटके देत होत्या. तिनं मागूनच माझ्या कानाशी म्हटलं, “ही बाई वाट बघत न्हाई.”

“कोण बाई?”

“कवितेतली. ही चाललीय.”

“काहीतरीच तुझं.”

“अगं, दार ओढून घेती ती. ओढून घेती! आत बसणारी दार लोटती. ओढून कोण घेतं? भायेर उभारलेलं माणूस. तुझी आई बाजारला जाताना काय म्हणती, दार ओढून घे म्हणती का न्हाई?”

मी घागर खाली ठेवली. आमची आई अगदी असंच म्हणायची.

“पाणी भरलं, दिवा लावला, अंगण झाडलं,” महादेवी म्हणाली. “मागं कुणाचं अडू नये म्हणून. सगळं करून चालली ती. रस्ता लांब व्हतोय म्हणजे काय? ती चालून राहिली, म्हणून लांब व्हतोय.”

मी वळून तिच्याकडं पाहिलं. तिचे ओठ कोरडे पडले होते. ती म्हणाली, “अव्वा माहेरी न्हाई गेली, सुनंदे. मामाचं पत्र आलंय, तिकडं न्हाई ती. त्या दिवशी तिनं घरातलं एकूणएक भांडं पाण्यानं भरलं. रांजण, घागरी, तांबे, वाट्यासुद्धा. दुकानातली नवी भांडी आणून भरली. एवढं पाणी कुठनं आणलं काय मालूम. दिवा लावला. मी उंबऱ्याशी उभी व्हते. माझ्यादेखत तिनं दार ओढून घेतलं.”

मग तिनं माझा दंड धरला. “कुणाला सांगू नको. घरात कुणाला मालूम न्हाई मी बघितलं ते. शपथ घे.”

मी शपथ घेतली. चौदा वर्षांच्या मुली किती सहज शपथ घेतात! पुढची रांग सरकली आणि आम्ही घागरी सरकवल्या.

माणसं मला विचारतात, तुम्हाला कविता शिकवायचा कंटाळा येत नाही का? काय सांगणार? मला एक कविता शिकवताना भीती वाटते, हे स्टाफरूममध्ये कसं बोलायचं? संध्याकाळी घरी परतताना पुढं कुणी उंच बाई हातात काही न घेता चालत असली, की माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागतात. जवळ गेल्यावर ती कुणी वेगळीच निघते. इतक्या वर्षांत अव्वा म्हातारी झाली असेल, हेही त्या क्षणी लक्षात राहत नाही.

त्या श्रावणात, जिल्ह्याच्या वाढदिवसानिमित्त, शाळांची स्पर्धा ठेवली होती. आवडत्या कवितेचा अर्थ आणि संदेश, पाच मिनिटं भाषण. आमच्या शाळेतून मी. वडिलांनी कचेरीतून आल्यावर बसून भाषण लिहून दिलं होतं. सुरेख अक्षरात, प्रतीक्षा, श्रद्धा, समर्पण. मी पाठ केलं. महादेवीला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “चांगलं हाय. बक्षीस मिळंल.” ती स्पर्धेला येणार नव्हती. अव्वा गेल्यापासून दुपारचं पाणी तिच्या वाट्याला आलं होतं.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत गावातली प्रतिष्ठित मंडळी, आणि त्यांत मल्लिकार्जुनआप्पा. बक्षिसाची भांडी त्यांनी दिली होती. माझा नंबर आठवा होता. माझ्याआधी सात जणांपैकी चौघांनी हीच कविता घेतलेली. चौघांचंही तेच. भारतीय स्त्री, दिवा म्हणजे श्रद्धा. चौथ्या मुलाचं भाषण तर शब्दाशब्दानं माझ्यासारखंच होतं. वडिलांनी आणि त्याच्या मास्तरांनी एकच गाईड पाहिलं असावं. लोक जांभया देत होते. परीक्षक खिडकीबाहेर बघत होते.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं गेलं. खरं सांगायचं तर गेलं नव्हतं, मी ते जाऊ दिलं. मला माहीत होतं की माझ्याजवळ दुसरं काहीतरी आहे आणि ते या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे.

मी म्हणाले, “ही बाई वाट बघत नाही. ही बाई घर सोडून चालली आहे.”

खिडकीबाहेर बघणाऱ्या परीक्षकांनी मान वळवली. मग मला कुणी थांबवू शकलं नसतं. ओढणं आणि लोटणं यातला फरक मी सांगितला. रस्ता लांब का होतो ते सांगितलं. सभागृहात इतकी शांतता झाली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्या शांततेची मला चटक लागली. ती आणखी टिकावी म्हणून मी म्हणाले, “मला असं एक घर माहीत आहे. दुष्काळात त्या घरातल्या आईनं एकेक वाटी पाण्यानं भरली, दिवा लावला, आणि उंबऱ्याशी तिची मुलगी उभी असताना तिनं बाहेरून दार ओढून घेतलं. मुलगी बघत राहिली. त्या मुलीला या कवितेचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नाही.”

टाळ्या किती वाजल्या ते मला आठवत नाही. आप्पांचे हात मांडीवर होते आणि ते वाजत नव्हते, एवढं आठवतं.

पहिलं बक्षीस मला. पितळी तांब्या. द्यायला आप्पाच उठले. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी पुढं केला. मी धरला. त्यांनी सोडला नाही. क्षणभर आम्ही दोघं तो धरून उभे होतो. विभूतीच्या पट्ट्यांवर घाम आला होता. अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं ते म्हणाले, “पोरगी उभी व्हती?”

मी मान खाली घातली. त्यांनी तांब्या सोडला.

दुसऱ्या दिवशी महादेवी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी मी घरी गेले. दुकान उघडं होतं, आप्पा भांड्यावर नाव कोरत होते, त्यांनी मान वर केली नाही. आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती.

“महादेवी?”

“मामाकडं गेलीय,” आत्या म्हणाली. “देगलूरला. मामीला बरं न्हाई.”

तोच आवाज, तसंच वाक्य. मी उन्हात तशीच उभी राहिले. आत्या म्हणाली, “आता काय पायजे तुला?” त्या प्रश्नात राग असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी देगलूरलाच तिचं लग्न झाल्याचं कळलं. मग वडिलांची परत नांदेडला बदली झाली. मी शिकले, मराठीच घेतलं, शिक्षिका झाले. देगलूर नांदेडपासून किती लांब? सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेला पोचतं माणूस. मामाचं नाव मला माहीत होतं, आळी माहीत होती. एवढ्या वर्षांत मी गेले नाही. पेपर तपासायला देगलूर केंद्र मिळालं तर मी आजारी पडायची.

पण यंदा कविता परत आली, पाऊस आला नाही, आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली. एका रविवारी मी बसमध्ये बसले.

तिची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून तीच चालवते. मी दारात उभी राहिले तेव्हा ती गिरणीच्या तोंडाशी ज्वारीचं पीठ सावरत होती. भुवया, केस, सगळं पांढरं. पिठानं की वयानं, ते मला पटकन कळेना. तिनं गिरणी बंद केली. आवाज थांबल्यावर म्हणाली, “सुनंदा न्हवं तू?”

तिनं मला बाजेवर बसवलं. चहा केला. मुलगा हैदराबादला असतो म्हणाली, सून चांगली आहे म्हणाली. मी चहा हातात धरून बसले होते. शेवटी म्हणाले, “महादेवी, मी शपथ मोडली.”

“व्हय,” ती म्हणाली. “कळलं मला त्याच दिवशी.”

“आप्पांनी मारलं का गं तुला?”

“न्हाई. आप्पा घरी आला, माझ्यासमोर बसला. अव्वा गेल्यापासून तिचं नाव घेतलं न्हवतं त्यानं. त्या दिवशी विचारलं, तू पायलंस? मी म्हणलं, पायलं. तो म्हणला, मग हाक का न्हाई मारलीस मला? मी दुकानातच व्हतो की. भिंतीपल्याड.” महादेवीनं पदरानं बशी पुसली. “त्याला माझ्याकडं बघता येईना. मग इकडं पाठवलं. तुझ्यामुळं न्हाई पाठवलं, सुनंदे. तुझ्यामुळं त्याला कळलं, एवढंच.”

“आणि अव्वा?”

“एकदा कुणीतरी सांगितलं, बिदरकडं एका मठात भाकऱ्या भाजती म्हणून. आप्पा गेला. दुसरीच कुणी व्हती ती.” बशी खाली ठेवत ती म्हणाली, “तरी दोन दिवस तिथंच राहून आला म्हणे.”

बाहेर कुणी दळणाचा डबा ठेवून गेलं. ती उठली नाही. मला विचारलं, “ती कविता हाय का अजून पुस्तकात?”

“यंदा परत आलीय.”

“काय संदेश सांगतीस पोरींना?”

मी खरं सांगितलं. “प्रतीक्षा.”

ती हसली. शेवटच्या बाकावरचं, मी इतकी वर्षं ऐकत आलेलं तेच हसणं. पण समोरून पाहिलं तर त्यात टिंगल नव्हती. “बरं करतीस,” म्हणाली. “परीक्षेत मार्क पडाया पायजेत.”

मग तिनं हाताशी असलेला पिठाचा ढीग सारखा केला. म्हणाली, “तुला मी सगळं सांगितलं न्हवतं तवा. निम्मं सांगितलं व्हतं. तू निम्म्यावरच बक्षीस घेतलंस.”

मी तिच्याकडं पाहिलं.

“दार ओढायच्या आधी अव्वा थांबली व्हती. हात पुढं केला. ‘बर्तीयेन?’ म्हणली. येतीस का, म्हणली मला.”

गिरणीत कुठंतरी एक दाणा पत्र्यावरून घरंगळला.

“मग?”

“मी म्हणलं, न्हाई. उद्या बाईंसमोर कविता पाठ म्हणायची हाय.” तिनं हात झटकले, पीठ हवेत उडालं आणि सावकाश खाली बसलं. “आन मी म्हणली की दुसऱ्या दिवशी. हीच. एक शब्द चुकले न्हाई.”